हॉटेलात अडकलेली माणसं : आश्रय मागणाऱ्यांना आपण नेमकी काय मदत करू शकतो?

रानजाई

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. मी इंग्लंडच्या उत्तरेला राहते. आमच्या गावाबाहेर हमरस्त्याला लागून एक हॉटेल आहे. काही वर्षांपूर्वी ते प्रवाशांसाठी बंद झालं आणि तिथे असायलम मागणारी माणसं राहायला आली. गेलं दीड वर्ष मी दर शनिवारी तिथून जवळच असलेल्या चर्चच्या हॉलमध्ये जाते. आमचा आठ-नऊ जणांचा गट आहे. चहा, थोडं इंग्रजीत बोलणं, आलेली पत्रं वाचून दाखवणं आणि मुलांसाठी एक कोपरा, एवढंच आमचं काम. मी वकील नाही की समाजसेविका नाही. पण आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर या हॉटेलांबद्दल जे काही फिरत असतं ते वाचून वाटलं, की मी डोळ्यांनी जे बघते ते आपल्या भाषेत लिहून ठेवावं. मदत करायची इच्छा आहे पण सुरुवात कुठून करावी कळत नाही, अशांना उपयोग होईल.

आधी मुळातलं थोडं. 'माझ्या देशात माझ्या जिवाला धोका आहे, मला इथे आश्रय द्या' असा अर्ज ज्यानं केलाय आणि ज्याचा निकाल अजून लागायचाय, तो असायलम सीकर, म्हणजे आश्रयार्थी. निकाल त्याच्या बाजूनं लागला की तो रेफ्युजी, निर्वासित. आपण दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थानं वापरतो, पण दोघांच्या हक्कांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आश्रयार्थ्याला काम करता येत नाही. बारा महिने उलटूनही निकाल आला नाही आणि उशीर त्याच्यामुळे झालेला नसेल, तर कामाची परवानगी मागता येते, तीही ठरावीक यादीतल्या कामांपुरतीच. मग ज्यांच्याकडे राहायला जागा नाही, पैसे नाहीत, त्यांना सरकार निवारा देतं. कुठल्या गावात, कुठल्या घरात, हे त्यांच्या हातात नसतं. पूर्वी बहुतेकांना साध्या घरांमध्ये ठेवत. कोविडच्या काळात हॉटेलं घेतली गेली, नंतर अर्ज तुंबत गेले आणि हॉटेलं वाढतच गेली. सप्टेंबर २०२३ अखेर ५६ हजारांवर माणसं हॉटेलांत होती. जून २०२५ अखेर हा आकडा ३२ हजारांच्या आसपास आला.

हॉटेलात जेवण मिळतं, म्हणून हातखर्चाला माणशी आठवड्याला ९.९५ पौंड. स्वतः रांधायची सोय असलेल्या घरात ठेवलं असेल तर ४९.१८ पौंड. हे पैसे ॲस्पेन नावाच्या कार्डावर येतात. इंग्लंडात बसचं एका बाजूचं भाडं सध्या जास्तीत जास्त ३ पौंड आहे. वकिलाकडे एकदा जाऊन यायचं म्हटलं तर ६ पौंड गेले. फोनचा रिचार्ज, पोराच्या हातावर ठेवायचा खाऊ, डोकेदुखीची गोळी, सगळं उरलेल्यात बसवायचं. आमच्याकडे येणारे कितीतरी जण पाऊण-एक तास चालत येतात ते व्यायामासाठी नव्हे.

मी पहिल्या शनिवारी गेले ती जुन्या कपड्यांच्या तीन मोठ्या पिशव्या घेऊन. तिथल्या बाईंनी त्या शांतपणे आतल्या खोलीत ठेवायला सांगितल्या. आत बघते तर छताला टेकतील इतक्या पिशव्या. बाहेर येऊन बसले, तर समोर माझ्याच वयाची एक अफगाण बाई. बरीच वर्षं पाकिस्तानात काढल्यामुळे तिला उर्दू येत होतं, मला हिंदी, त्यामुळे बोलणं सुरू झालं. मी विचारलं, काही हवंय का? ती म्हणाली, "सुई-धागा है?"

कुणीतरी दिलेली पँट तिच्या मुलाला कमरेत सैल होत होती. तो सेफ्टी पिन लावून शाळेत जात होता.

पुढच्या शनिवारी मी सुई-दोरा नेला. तिनं तिथेच बसून पँट आत घेतली, दातानं दोरा तोडला आणि मग पिशवीतून एक प्लास्टिकचं फोल्डर काढून माझ्यासमोर ठेवलं. इंग्लंडात आल्यापासून हातात पडलेला प्रत्येक कागद तिनं त्यात जपून ठेवला होता. एकाही कागदाला घडी नाही. गृहखात्याचं पत्र, शाळेची सूचना, बाजारात कुणीतरी हातात दिलेलं जिमचं जाहिरातपत्रक, सगळं सारख्याच निगुतीनं. कारण यातलं महत्त्वाचं काय आणि बिनमहत्त्वाचं काय, हे तिला वाचता येत नव्हतं. त्यातच दवाखान्याचं एक पत्र होतं. तिच्या तपासणीची तारीख होऊन नऊ दिवस झाले होते.

तेव्हापासून मी कपडे नेणं बंद केलं. आता जाते, बसते आणि कागद वाचते.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. 'तुम्ही इथे कसे आलात?' हा प्रश्न विचारू नका. आपल्याला तो सहज वाटतो, आपुलकीचा वाटतो. पण त्या माणसाला तो प्रश्न अधिकाऱ्यांनी विचारलेला असतो, वकिलानं विचारलेला असतो, आणि त्याच्या उत्तरावर त्याचं सगळं आयुष्य टांगलेलं असतं. वाटेत कुणाचं माणूस गेलंय, कुणाचं मागे राहिलंय. आपण चहा पाजतो म्हणून त्यांनी आपल्याला त्यांची गोष्ट सांगायची, असा काही सौदा नाही. सांगायचं असेल तेव्हा ते सांगतात. तोवर हवा, क्रिकेट, मुलांचे अभ्यास, भाज्यांची इंग्रजी नावं, बोलायला पुष्कळ आहे.

तुमच्यापैकी कुणी असं काही काम करत असेल तर जरूर लिहा. अडचणीही लिहा.

माधव_स

चांगला धागा. एक बाळबोध प्रश्न. आमच्याकडे मुलांचे लहान झालेले कपडे भरपूर आहेत, धुऊन इस्त्री करून ठेवलेले. मग ते द्यायचेच नाहीत का? आणि कपडे नकोत तर काय द्यावं?

रानजाई

माधवदादा, द्या की, पण आधी विचारून. आपापल्या भागातल्या गटाला फोन करून 'या आठवड्यात काय हवंय' एवढं विचारलं तरी पुरे. आमच्याकडे बायकांचे कपडे ढिगानं येतात आणि पुरुषांचे हिवाळी बूट कधीच पुरत नाहीत. हॉटेलात एकटे तरुण पुरुष बरेच असतात, त्यांच्या मापाचं कुणी फारसं देत नाही. नवे अंतर्वस्त्र आणि मोजे, छत्री, फोनचा चार्जर, सिमकार्ड, वह्या-पेनं, बसचा पास, या गोष्टी लागतात. फोनला चैन समजू नका. वकिलाचा निरोप, शाळेचा निरोप, आईचा आवाज, सगळं त्यातच आहे.

आणि प्रवासी बॅगा. चाकं शाबूत असलेली कुठलीही बॅग. या लोकांना एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवतात तेव्हा बरेचदा फार थोडी आगाऊ सूचना मिळते, आणि बॅग नसल्यामुळे सामान कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत भरावं लागतं. एका मुलीला मी तिची बाहुली आणि शाळेत मिळालेलं प्रशस्तिपत्रक त्या काळ्या पिशवीत टाकताना पाहिलंय. तेव्हापासून मी दिसेल त्याच्याकडे बॅगा मागते.

निशाचर

मी इथे मास्टर्स करताना आठ महिने अशाच एका हॉटेलात रात्रपाळीला होतो, स्वागतकक्षात. कुठलं ते सांगत नाही. आतून काय दिसतं ते लिहितो.

खोल्या वाईट नसतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, फुकट हॉटेलात मजेत आहेत. पण एका खोलीत चौघांचं कुटुंब महिनोन्‌महिने राहतंय असं डोळ्यांसमोर आणा. दोन पलंग, एक खिडकी, तीही चार बोटं उघडणारी. मुलांनी अभ्यास पलंगावर करायचा. जेवण तेच तेच, आणि वेळ चुकली की गेलं. स्वयंपाकाला परवानगी नाही, आग लागायची भीती म्हणून. नियम बरोबरच आहे, पण आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला रोज ताट घेऊन रांगेत उभं राहताना बघणं जड जायचं. एक आजी रोज रात्री जेवणानंतर डायनिंग हॉलमधली टेबलं पुसायच्या. तिथे सफाईला माणसं होती, आजींना कुणी सांगितलेलंही नव्हतं. मी पहिल्यांदा थांबवलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की परत कधी थांबवलं नाही.

रात्री दोन-तीनच्या सुमाराला कॉरिडॉरमध्ये पुरुष फेऱ्या मारत असायचे. झोप नाही. मी काम करतोय आणि माझ्याहून धडधाकट, माझ्याहून जास्त शिकलेला माणूस नुसता येरझाऱ्या घालतोय. एकजण सिव्हिल इंजिनियर होता. छतातून पाणी गळत होतं ते कुठून येतंय हे त्यानं मला कागदावर आकृती काढून दाखवलं. त्याच्या हातात पेन आलं तेव्हा तो वेगळाच माणूस दिसत होता.

म्हणून माझ्याकडून एक भर. त्यांना नुसतं घेणारे करून ठेवू नका. काहीतरी करायला द्या. पगारी कामाला बंदी आहे, पण धर्मादाय संस्थेत किंवा सार्वजनिक सेवेत स्वयंसेवक म्हणून काम करायला त्यांना मुभा आहे, अर्ज चालू असतानाही. हे पुष्कळांना माहीतच नसतं.

रानजाई

निशाचर, त्या आजींचं वाचून गलबलून आलं. आमच्या हॉलमधला चहा आता तेच लोक करतात. भांडी, खुर्च्या लावणं, नव्या माणसाला घेऊन येणं, सगळं. आम्ही फक्त किल्ली आणतो. हे व्हायला आम्हाला सहा महिने लागले, आधी आम्हीच 'तुम्ही बसा, तुम्ही बसा' करायचो.

स्पष्ट_बोलतो

रानजाईताई, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण दुसरी बाजूही मांडतो, राग मानू नका. मी व्हिसाची फी भरून आलो. व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, बायकोचाही तेवढाच, मुलांचाही भरला. कर भरतो. तरी एक दिवस नोकरी गेली तर मला देश सोडावा लागेल. आणि कुणी फ्रान्सकडून समुद्र ओलांडून होडीतून येतो, त्याला राहायला, जेवायला, डॉक्टर फुकट. हे मनाला लागतं हो. आणि या सगळ्या गदारोळात रस्त्यावरचा माणूस मला आणि त्याला एकाच मापानं मोजतो.

रानजाई

राग कसला? माझ्या नवऱ्यानंही पहिल्या वर्षी हेच विचारलं होतं. आपण भरलेले पैसे जास्त आहेत, ते जाचतात, हे मलाही मान्य. पण ते ९.९५ पौंड त्यांच्याकडून काढून घेतले तर आपला अधिभार कमी होणार नाही. आणि होडीचं म्हणाल, तर 'मला आश्रय मागायचाय' या कारणासाठी बाहेरून अर्ज करून मिळेल असा व्हिसाच नाही. युक्रेन, हाँगकाँग, काही अफगाण यांच्यासाठी खास योजना निघाल्या, बाकीच्यांनी इथल्या जमिनीवर पाय ठेवल्याशिवाय अर्ज करता येत नाही. १९५१चा निर्वासितांविषयीचा करार याच देशानं सही करून मान्य केलाय, आणि माणूस कसा आला एवढ्यावरून त्याला दंड करू नये, अशी अट त्यात आहे.

कलम_दप्तर

खर्चाचा मुद्दा आलाच आहे तर भर घालतो. निवाऱ्याची कंत्राटं २०१९ ते २०२९ अशी आहेत, तीन कंपन्यांकडे. सुरुवातीला या कंत्राटांच्या एकूण खर्चाचा अंदाज होता ४.५ अब्ज पौंड. मे २०२५मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं सांगितलं की तो १५.३ अब्जांवर जाईल. हॉटेल हा सगळ्यात महागडा पर्याय आहे आणि ते पैसे राहणाऱ्याच्या हातात पडत नाहीत. म्हणजे 'हॉटेलं बंद व्हावीत' यावर स्पष्ट_बोलतो आणि आत राहणारी माणसं यांचं एकमत आहे. सरकारनंही या संसदेची मुदत संपेपर्यंत हॉटेलं बंद करू असं म्हटलंय. निकाल लवकर लागणं आणि साधी घरं मिळणं, याशिवाय ते होणार नाही.

मी एका कायदा मदत केंद्रात काम करतो. जे मदतीला जाणार आहेत त्यांनी काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

तुम्ही पत्र वाचून दाखवू शकता, तारीख समजावू शकता, वकिलाचा फोन लावून देऊ शकता. 'तुझ्या केसमध्ये असं लिही, तसं सांग' हे मात्र करू नका. नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं हा १९९९च्या कायद्यानं गुन्हा आहे, फुकट दिला तरी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्या एका चुकीच्या वाक्यानं त्या माणसाचं नुकसान होतं. पहिल्या मुलाखतीत सांगितलेलं आणि नंतरच्या मोठ्या मुलाखतीत सांगितलेलं यात तफावत दिसली की 'विश्वासार्ह नाही' असा शेरा बसू शकतो. सल्लागार खरा आहे का, हे इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीच्या यादीत बघता येतं. जानेवारी २०२५पर्यंत हिचंच नाव ओआयएससी होतं.

भाषेचंही तसंच. आपल्याला हिंदी येतं, त्यावर उर्दूवाल्याशी गप्पा उत्तम होतात. पण वकिलाकडे किंवा डॉक्टरकडे दुभाषा म्हणून बसू नका. अधिकृत दुभाषा मागा, तो मिळतो आणि त्याचे पैसे रुग्णाला द्यावे लागत नाहीत. 'मारलं' आणि 'छळ केला' यातला फरक तुमच्या तोंडून निसटला तर तो कागदावरूनही निसटतो. आणि मुलांना तर कधीच दुभाषा करू नका. आईवर काय गुदरलं ते दहा वर्षांच्या पोरानं इंग्रजीत सांगायचं, हे मी होताना पाहिलंय.

निवाऱ्यासाठीचा अर्ज, पैसे न येणं, खोलीची तक्रार, या सगळ्याला मायग्रंट हेल्प या संस्थेची चोवीस तास चालणारी मोफत फोनसेवा आहे, दुभाष्यासह. फोन लागायला कधी कधी बराच वेळ जातो. तेवढा वेळ सोबत बसून राहणं, हीसुद्धा मोठी मदत आहे. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

शुश्रूषा

मी परिचारिका आहे, त्यामुळे तब्येतीबद्दल.

जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट, व्हिसा यातलं काहीही लागत नाही. स्वागतकक्षातल्या माणसाला हे ठाऊक नसतं, तो परत पाठवतो, आणि आपला माणूस मुकाट्यानं परत येतो. सोबत कुणी असलं की तिथल्या तिथे सुटतं. असायलमचा अर्ज चालू असेल तर एनएचएसचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचे उपचार मोफत. औषधांच्या चिठ्ठ्या, दात, चष्मा यांचे पैसे माफ व्हायला एचसी२ नावाचं प्रमाणपत्र लागतं. त्याची मुदत संपते, ती तारीख फोनमध्ये टाकून ठेवायला सांगा.

गरोदर बाई दिसली तर विचारा की सुईणीकडे, म्हणजे मिडवाइफकडे नाव घातलंय का. बाळंतपणासाठी ३०० पौंड एकदाच मिळतात, पण ते मागावे लागतात आणि ठरलेल्या मुदतीतच मागावे लागतात.

आणि झोप. निशाचरनी लिहिलंय ते अगदी खरं आहे. गोळी मागायला आलेल्या कितीतरी जणांना गोळीपेक्षा दिवसा थकायला काहीतरी हवं असतं. एका फुटबॉल क्लबनं आठवड्यातून दोन संध्याकाळी मैदान दिलं, तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या तीन मुलांनी स्वतःहून सांगितलं, आता झोप लागते.

पंचगंगा

कोल्हापूरकर आहे म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते १९४८. पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. सैबेरियातल्या छावण्यांतून सुटून इराणमार्गे आलेली. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काऊटची पथकं होती. ती पोरं मोठी होऊन जगभर पांगली, पण म्हातारपणी परत वळिवडं बघायला आली. आमचे आजोबा सांगायचे, गोऱ्या बायका गावात भाजी घ्यायला यायच्या आणि मोडक्यातोडक्या मराठीत घासाघीस करायच्या.

मला ती घासाघीस महत्त्वाची वाटते. त्यांच्या हातात चार पैसे होते आणि काय शिजवायचं ते त्या ठरवत होत्या. तीही तात्पुरतीच वस्ती होती.

फळा_खडू

प्राथमिक शाळेत शिकवते. पाच ते सोळा वयाच्या मुलाला शाळा मिळालीच पाहिजे, आईवडिलांचा दर्जा काहीही असो. सरकारी आधारावर असलेल्या आश्रयार्थी कुटुंबातल्या मुलांना शाळेतलं जेवणही मोफत मिळू शकतं. अडतं कुठे? गणवेश, बूट, सहलीचे पैसे, आणि मधूनच गाव बदलणं.

माझ्या वर्गात एक कुर्दी मुलगा होता. आला तेव्हा एक शब्द बोलत नव्हता. फेब्रुवारीत त्यानं पहिल्यांदा हात वर केला. उत्तर चुकलं, पण अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मार्चमध्ये एका सोमवारी तो आला नाही. शनिवारी त्यांना दुसऱ्या शहरात हलवलं होतं. त्याच्या खणात त्याची वही तशीच राहिली. मी शाळेमार्फत ती नव्या शाळेत पाठवून दिली, सोबत वर्गातल्या मुलांची पत्रं. पोचली का, कळलं नाही.

तुम्ही अशा कुटुंबाच्या ओळखीचे असाल तर मुलांच्या शाळेच्या कागदांची, वाचनपातळीच्या नोंदींची एक प्रत पालकांकडे ठेवायला सांगा. नव्या शाळेत पुन्हा 'याला काही येत नाही' इथून सुरुवात होत नाही.

ओवी

मला यायचंय, पण भीती वाटते हे खरं सांगते. ऑगस्ट २०२४मध्ये रॉदरहॅमजवळच्या हॉटेलवर जमाव चालून गेला, आत माणसं असताना आग लावायचा प्रयत्न झाला. ते व्हिडिओ डोळ्यांपुढून जात नाहीत. आपण तिथे दिसलो, तर?

रानजाई

ओवी, भीती रास्त आहे. त्या आठवड्यात आम्हीही हॉल बंद ठेवला होता. फोनवरून एकेकाशी बोलत होतो. तीच अफगाण बाई मला म्हणत होती, "बाजी, आप बाहर मत निकलना." ती हॉटेलच्या खोलीत दार लावून बसली होती आणि काळजी माझी करत होती.

आम्ही काही पथ्यं पाळतो. हॉटेलच्या दारात जमत नाही, भेटायचं ते हॉलमध्येच. हॉटेलचं नाव, पत्ता, फोटो कुठेही टाकत नाही, कौतुकाच्या पोस्टमध्येसुद्धा नाही. मुलांचे चेहरे तर अजिबात नाहीत. एखाद्याचा फोटो त्याच्या देशात चुकीच्या माणसाच्या हाती लागला तर मागे राहिलेल्या घरच्यांना त्रास होतो. मुलांसोबत काम करायचं तर डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांची नोंद बघणारी तपासणी करून घ्यावी लागते, स्वयंसेवकांना तिची सरकारी फी नसते. एकटीनं सुरुवात करू नकोस. 'सिटी ऑफ सँक्चुअरी' ही चळवळ २००५ साली शेफिल्डमध्ये सुरू झाली, आता तिचे गट ठिकठिकाणी आहेत. रेड क्रॉस आहे, रेफ्युजी काउन्सिल आहे, गावातलं वाचनालय आहे. आधीपासून चाललेल्या गटात जा आणि पहिले दोन महिने फक्त खुर्च्या लाव.

अजून एक. पैसे उसने देऊ नकोस, घरी राहायला ये म्हणू नकोस, 'तुझं काम होईल' असं तर कधीच म्हणू नकोस. मी एकदा म्हणाले होते. त्या मुलाचा अर्ज फेटाळला गेला आणि नंतर तीन शनिवार तो आलाच नाही. चौथ्या शनिवारी आला, माझ्याशी नेहमीसारखाच बोलला. मला मात्र त्याच्या नजरेला नजर देता येईना.

कलम_दप्तर

हो, आणि निकाल बाजूनं लागल्यावर सगळं संपलं असं समजू नका. खरी धावपळ तिथेच सुरू होते. निवारा आणि ॲस्पेन कार्ड ठरावीक दिवसांत बंद होतं. ही मुदत २८ दिवसांची होती, डिसेंबर २०२४पासून प्रयोग म्हणून ५६ केली, सप्टेंबर २०२५पासून एकट्या प्रौढांसाठी परत २८. युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे सरकारी भत्त्याचा पहिला हप्ता यायलाच पाच आठवडे लागतात. मधल्या काळात माणूस रस्त्यावर येतो. म्हणून निकालाचं पत्र आलं त्याच दिवशी ई-व्हिसाचं खातं, बँक खातं, युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज (आगाऊ रक्कम मागता येते) आणि कौन्सिलकडे बेघर होण्याच्या धोक्याची नोंद, ही चार कामं सुरू करा. पेढे दुसऱ्या दिवशी वाटा.

घरच्यांना बोलावण्याबद्दल कुणी विचारलं तर जुन्या माहितीवर बोलू नका. ४ सप्टेंबर २०२५पासून निर्वासितांच्या कुटुंबीयांसाठीचे नवे अर्ज घेणं थांबवलं. वकिलाकडेच पाठवा. ताटातूट झालेलं माणूस शोधायचं असेल तर रेड क्रॉसची सेवा आहे.

स्पष्ट_बोलतो

सगळं वाचलं. धोरणाबद्दलचं माझं मत फारसं बदललेलं नाही, ते प्रामाणिकपणे सांगतो. पण माळ्यावर दोन मोठ्या बॅगा पडून आहेत, भारतातून येताना आणलेल्या. चाकं चांगली आहेत. रानजाईताई, कुठे आणून देऊ ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रानजाई

धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं आहे.

स्पष्ट_बोलतो यांच्या दोन्ही बॅगा शुक्रवारी मिळाल्या. ते दीड तास गाडी चालवून आले, आत आले नाहीत, पण जाताना बॅगांचे कुलूपाचे आकडे चिठ्ठीवर लिहून दिले.

आणि त्यातली एक दुसऱ्याच दिवशी लागली. माझ्या त्या अफगाण मैत्रिणीला निरोप आला, सोमवारी सकाळी गाडी येईल, दुसऱ्या गावात घर. शनिवारी हॉलमध्येच आम्ही बॅग उघडली. तिनं तळाशी आधी ते फोल्डर ठेवलं, मग परत काढलं आणि खांद्याच्या पिशवीत घातलं, कागद अंगाजवळच हवेत म्हणाली. आता त्या फोल्डरला रंगीत खुणा आहेत. लाल म्हणजे गृहखातं, निळा दवाखाना, हिरवा शाळा. जिमचं पत्रक अजून आहे, मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं भाज्यांची इंग्रजी नावं लिहिली आहेत. मुलाच्या शाळेच्या नोंदींची प्रत फळा_खडू यांनी सांगितल्याप्रमाणे घेऊन ठेवली.

काल रात्री तिनं फोटो पाठवला. साधी शेगडी, त्यावर एक पातेलं, झाकणाच्या कडेनं वाफ. खाली लिहिलं होतं, "आज मैंने पकाया." तिच्यासोबत त्या घरात आणखी दोन कुटुंबं आहेत, स्वयंपाकघर वाटून वापरायचंय, पण शेगडी आहे.

थोड्या वेळानं दुसरा निरोप आला. इथेही शनिवारी जायला असा हॉल आहे का, म्हणून विचारतेय.

गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. ईस्ट मिडलंड्स. तिकडे कुणी आहे का?

ओवी

मी आहे. डर्बीपासून अर्ध्या तासावर. व्यनि केलाय, बघ.